मला नको, तुझ्यातलाच एक घोट

आमच्या घरात सोडा कुणालाच नको असतो. मी हे ठामपणे सांगू शकतो, कारण दुकानासमोर उभं राहून मी प्रत्येकाला वेगळं विचारतो. आबा म्हणतात, "मला नगं." आत्या म्हणते, "मला काय करायचाय? पोरास्नी द्या." बायको म्हणते, "माझा घसा धरलाय." पुण्याहून आलेले दाजी घड्याळाकडं बघत म्हणतात, "मी बाहेरचं फारसं घेत नाही." ताई म्हणते, "हे घेत नाहीत म्हटल्यावर मी एकटी काय घेऊ!" एवढे नकार पदरात पडल्यावर कर्त्या पुरुषाला जे वाटतं तेच मला वाटतं. मी खिशातल्या नोटेवरची पकड सैल करतो आणि ऐटीत दोन ग्लास सांगतो. एक माझा, एक पोरांचा.

ग्लास हातात येतो न येतो तोच आबा म्हणतात, "कसाय बगू."

आबा बघतात. मग आत्या बघते. ताई बघते आणि दाजींना म्हणते, "अहो, बघा तरी." घसा धरलेली बायको बघते, आणि घसा सुटला की नाही याची खात्री करायला पुन्हा एकदा बघते. ग्लास फिरून माझ्याकडं येतो तेव्हा त्यात बर्फाचा चुरा आणि जिऱ्याचे चार दाणे उरलेले असतात. थंड पाण्यात गॅस जास्त मुरतो आणि पाणी कोमट झालं की तो निघून जातो, असं शाळेत शिकवलं होतं. सोलापूर जिल्ह्याच्या उन्हाळ्यात साऱ्या घराच्या हातांतून फिरलेला ग्लास हा त्याचा प्रयोग. माझ्या वाट्याला आजवर सोडा आलेलाच नाही. आलंय ते सरबत.

मी पतसंस्थेत वसुलीला आहे. "कर्ज मला नको, भावासाठी नुसती सही करतोय," असं म्हणणारा माणूस मी दारातूनच ओळखतो. घरच्यांपुढं मात्र ही विद्या चालत नाही.

आता मोडनिंबविषयी थोडं. पुणे-सोलापूर हायवेवर टेंभुर्णी मागं पडलं की मोहोळच्या आधी आमचं गाव लागतं. लागतं म्हणजे पाटी दिसते आणि तुमची गाडी पुढं जाते. तुम्ही थांबलात तर बोरं, डाळिंबं मिळतील. गावाला रेल्वेही आहे. बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फुटी रूळ 1906 मध्ये पंढरपूरला पोचला तो आमच्या दारावरून. तर अशा या गावात माझ्या लहानपणी सोडा दोन प्रकारचा असायचा, साधा आणि लिंबू. साधा पोट बिघडल्यावर प्यायचा आणि लिंबू पोट चांगलं असताना. निवड करण्याचा ताप नव्हता.

गेल्या चैत्रात चौकातल्या एका पोरानं 'सोडा पब' टाकला. निळे-जांभळे दिवे, बारा तोट्यांचं चकचकीत मशीन आणि भिंतभर यादी: जिरा मसाला, काला खट्टा, कोकम, आलं-लिंबू, पेरू-मिरची, चिंच, मसाला पान, गुलाब, आइस्क्रीम सोडा, ब्लू लगून आणि पुढं कोपऱ्यात आणखी काही, जे फ्रीजच्या दारामागं गेल्यामुळं गावात अजून कुणी प्यायलेलं नाही. आम्ही सगळे चैत्री एकादशीचं पांडुरंगाचं दर्शन करून पंढरपूरहून परतत होतो. गाडीत आत्या टाळ घेऊन बसलेली. पोरांना पाटी दिसली आणि पोरांनी कालवा केला.

आत्यानं अक्षरं लावत पाटी वाचली. "पब? माळ घालून पबात येऊ?"

"अगं आत्या, सोड्याचं दुकान आहे."

"मग तसं लिवायला काय झालं हुतं? आणि आज एकादशी हाय. सोडा चालतो का उपासाला?"

या प्रश्नावर गाडीत जी चर्चा झाली तिला तोड नाही. सोडा म्हणजे पाणी, आणि पाणी चालतं, असा माझा पक्ष. दाजींचं म्हणणं, पाणी चालतं पण गॅसचं काय? ताई म्हणाली, गॅस तर साबुदाण्याच्या खिचडीनंही होतो, ती चालतेच की. बायकोनं मीठ काढलं. उपासाला सैंधव चालतं, पण मसाला सोड्यात पादेलोण घालतात, आणि पादेलोणाला गंधकाचा वास असतो, तो वास देवापुढं बरा नाही. जिरं चालतं यावर एकमत झालं. कोकम चालतं. चिंचेवरून मतभेद झाले, कारण आत्याच्या सासरी चालत नाही आणि माहेरी चालते, आणि आत्ता ती माहेरी होती. पान उपासाला खातात की उपास सोडताना खातात, यावर आबा आणि आत्या हे सख्खे भाऊ-बहीण गावची शीव येईपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत.

शेवटी आत्यानं दुकानात उभं राहून ती भिंत खालून वर तपासली आणि बोट ठेवलं. "ह्ये पेरू-मिरची. पेरू फळ हाय, मिरची चालती. ह्याच्यात सैंधव घाल रं बाळा." म्हणजे सकाळपासून उपाशी असलेल्या बाईच्या रिकाम्या पोटासाठी अख्ख्या दुकानातला सर्वांत जहाल ग्लास धर्मशास्त्रानं मुक्रर केला. पोरगं घाबरून म्हणालं, "आजी, तिखट असतंय हां." आत्यानं त्याच्याकडं नुसतं बघितलं. खर्डा-भाकरीवर वाढलेली बाई. एका दमात तिनं ग्लास रिकामा केला, पदरानं ओठ पुसले आणि म्हणाली, "मिरची जुनी हाय."

आता खरी अडचण दाजींची. जावई. त्यांनी नको म्हटलं तरी पहिला ग्लास त्यांच्याच हातात गेला पाहिजे आणि त्यांनी तो नाइलाजानं घेतला पाहिजे, असा आमच्याकडचा रिवाज. दाजी पुण्याचे असल्यामुळं नाइलाज त्यांना छान जमतो. त्यांनी गुलाब सोडा घेतला, जिभेवर फिरवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "बरा आहे. पण रास्पबेरी प्यावा तो कॅम्पातल्या अर्देशीरचा. 1884 पासूनचं दुकान. इराणी माणसानं काढलेलं."

"व्हय का," आबा म्हणाले.

"तुम्ही या एकदा, पाजतो तुम्हाला."

हे वाक्य दाजी लग्न झाल्यापासून म्हणत आलेत. पुण्याला गेल्यावर ते म्हणतात, "आज नेमकी गर्दी असेल." पुण्याच्या माणसाला गावातल्या चांगल्या वस्तूचा अभिमान असायला ती वस्तू प्यावी लागत नाही. मुंबईचे नातेवाईक आले की त्यांचंही असंच असतं, फक्त दुकान बदलतं. त्यांच्या तोंडी ड्यूक्स येतो, 1889 चा, पंडोळे नावाच्या पारशी गृहस्थांचा, आणि तो लेमोनेड आता तसा मिळत नाही हे ते अशा सुरात सांगतात की न मिळण्यातही त्यांचा हात असावा.

पोरांनी ब्लू लगून मागितला होता. माझा मुलगा आणि ताईची मुलगी. त्या ग्लासाचा रंग मी आजपर्यंत फक्त पंपाच्या मोटारीला दिलेला पाहिला आहे. आबांनी तो उजेडात धरला.

"ह्ये कशाचं फळ?"

"संत्र्याचं आहे, आबा," भाची म्हणाली. ती अकरावी सायन्सला असल्यामुळं तिच्याकडं सगळ्याचं उत्तर असतं. "कॅरेबियन समुद्रात कुरासाओ नावाचं बेट आहे. तिथल्या कडू संत्र्याच्या सालीची चव."

"संत्रं निळं?"

"संत्रं नाही, रंग वरून घालतात."

"मग तांबडा घालायचा की. संत्र्याला शोभला तरी असता."

याला अकरावी सायन्सकडंही उत्तर नव्हतं. ग्लास अर्थातच सर्वांनी बघितला. त्यानंतरचा तासभर आमचं कुटुंब चौकात जे कुणी भेटेल त्याच्याशी तोंड मिटून हसत होतं, कारण तोंड उघडलं की आत निळं दिसत होतं. दर्शनाहून आलेल्या आत्याची जीभ निळी का, याचा खुलासा शेजारच्या काकूंना अजून मिळालेला नाही. आत्या म्हणते तिनं तो ग्लास तोंडाला लावलाच नव्हता.

भाचीनं मग आणखी माहिती दिली. सोड्यातला गॅस आपल्याला जिभेवर कळतो तो आंबट चव ओळखणाऱ्या पेशींमुळं, आणि हे शास्त्रज्ञांनी 2009 मध्ये उंदरांवर प्रयोग करून दाखवलं.

"उंदरांसाठी सोडा?" आबा म्हणाले. "कुणाच्या पैशानं?"

माझ्या मनात आलं, त्या उंदरांना निदान आपापला वाटा तरी मिळाला असेल. पण मी बोललो नाही. मला तेव्हा आबांकडं लक्ष द्यायचं होतं, कारण आबा मशीनकडं नापसंतीनं बघत होते, आणि आबांनी अशी नजर लावली की पुढचा अर्धा तास गोटी सोड्याचा असतो.

गोटी सोड्याबद्दल मलाही आदर आहे. हायरम कॉड नावाच्या इंग्रजानं 1872 मध्ये त्या बाटलीचं पेटंट पक्कं केलं. बूच नाही, झाकण नाही. बाटली उलटी धरून गॅस भरायचा, गोटी गळ्याशी येते, आणि आतला गॅसच तिला वरच्या रबरी कडीवर दाबून धरतो. म्हणजे बाटलीत कोंडलेला कैदीच दार लावून बसतो. फोडायची म्हणजे गोटी अंगठ्यानं किंवा लाकडी ठोकळ्यानं आत ढकलायची. फटाक! इंग्लंडात ही बाटली कधीच अडगळीत गेली. जपान्यांनी ती राम्युने नावानं टिकवली आणि आपण एसटी स्टँडांवर. पोरं गोटीसाठी बाटल्या फोडायची म्हणून बाटल्या टिकत नसत, हा इंग्लंडातला आणि आमच्या स्टेशनावरचा समान इतिहास.

आबांची गोटी सोड्याची हकीकत कुर्डुवाडीहून छोट्या गाडीत बसते. ती गाडी इतकी सावकाश चालायची की माणूस उतरून, सोडा पिऊन, बाटली परत देऊन पुन्हा त्याच डब्यात चढायचा, असं आबा सांगतात. दर वर्षी गाडीचा वेग थोडा कमी होतो. सध्या माणूस सोडा पिऊन बोरंही वेचतो. हकीकतीचा गाभा मात्र बाटली तोंडाला लावण्याच्या विद्येत आहे. गळ्याच्या खाली काचेला दोन खाचा असतात. त्या खाचा खालच्या अंगाला येतील अशी बाटली धरली की गोटी त्यांत अडकून बसते आणि सोडा सुरळीत येतो. उलटी धरली की गोटी घरंगळते आणि तोंड बंद. "शेरातला माणूस वळखायचा कसा? त्यो बाटली हलवत ऱ्हातो," आबा म्हणाले, आणि जावयाकडं बघणं त्यांनी कटाक्षानं टाळलं.

दुकानातल्या पोरानं आदरानं विचारलं, "आबा, मग मशीनचा कुठला देऊ?"

"मला नगं."

"मग जुनी हकीकत सांगितल्याबद्दल माझ्याकडून साधा घ्या."

फुकट म्हटल्यावर आबांनी तो पूर्ण घेतला. मग सत्त्याहत्तर साल निघालं. त्या वर्षी कोका-कोला देश सोडून गेली आणि जनता सरकारनं स्वतःचं कोला पेय काढलं. त्याचं नावच 'डबल सेव्हन'. मैसूरच्या सरकारी अन्न संशोधन संस्थेनं त्याची कृती ठरवली आणि ते विकायचं काम दिलं मॉडर्न ब्रेडवाल्या सरकारी कंपनीला. म्हणजे पाव करणाऱ्यानं पेय विकायचं. त्याच साली पार्लेनं थम्स अप काढलं, ते अजून टपरीवर आहे. जनता सरकारचा गॅस 1979 मध्ये गेला आणि डबल सेव्हनचाही पुढं फार टिकला नाही. आबा ते सोलापुरात एकदा चाखल्याचं सांगतात. "कसं होतं?" असं दाजींनी विचारलं. आबा थोडं थांबून म्हणाले, "सरकारी होतं."

आबांची सोड्याची कसोटी चवीची नाहीच. चव हा त्यांच्या लेखी बायका-पोरांचा प्रांत. सोडा प्यायचा तो ढेकरासाठी. ग्लास संपला की ते हात मांडीवर ठेवून समोर बघत बसतात आणि आम्ही सगळे त्यांच्याकडं बघत बसतो. ढेकर आला तर पैसे वसूल. नाही आला तर, "पाणीच हाय," आणि दुकान कायमचं बाद. मला याचं हसू यायचं, पण भाचीनं मोबाइलवर काढून दाखवलं की सोडा जन्माला आला तेव्हा जाणती माणसंही त्याच्याकडं औषध म्हणूनच बघत होती. 1767 च्या सुमाराला इंग्लंडातल्या लीड्स गावात जोसेफ प्रीस्टली नावाचे पाद्री बिअरच्या भट्टीशेजारी राहत. आंबणाऱ्या पिंपावर साठणाऱ्या हवेत त्यांनी पाण्याचं भांडं टांगलं, आणि पाणी चुरचुरायला लागलं. 1772 मध्ये त्यांनी ही कृती छापली. खलाशांचा स्कर्व्ही यानं जाईल अशी त्यांची फार आशा. कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीवर सोडा करायची ही सोय दिली गेली. आता स्कर्व्ही होतो तो क जीवनसत्त्व कमी पडल्यामुळं, त्याला नुसता गॅस काय करणार! आमचा पोरगा तिथं असता तर म्हणाला असता, "साहेब, दहा रुपये जास्त द्या, लिंबू पिळतो."

एवढं सगळं होईपर्यंत आबांना ढेकर आलेला नव्हता. दुकानातलं पोरगं मशीन पुसायचं थांबलं. मागं उभी असलेली दोन गिऱ्हाइकंही थांबली. आणि त्या शांततेत ढेकर आला, खणखणीत, मिरचीच्या वासाचा. दिला होता आत्यानं.

"पास!" मुलगा ओरडला.

"एकादशीचा ढेकर धरायचा नसतो," आबा म्हणाले.

बिलाबद्दल मी बोलणार नाही. एवढंच सांगतो की सोडा कुणालाच नको असताना काउंटरवर उभे असलेले रिकामे ग्लास मी दोनदा मोजले, आणि पोरानं एक जास्त सांगितला असावा असा संशय मनात धरून तिसऱ्यांदा मोजले, तेव्हा फ्रीजच्या पलीकडून बायको अकरावा ग्लास घेऊन आली. मसाला पान. "घशाला बरं असतं," ती म्हणाली.

मी घरी आल्यावर पुढच्या वेळची बचत म्हणून लिंबू सरबतात खायचा सोडा टाकून बघितला. आंबट आणि सोडा भेटले की गॅस होतो हे खरं आहे. तो सगळा एकाच वेळी होतो हे मात्र कुणी बोललं नव्हतं. तांब्याच्या तोंडातून फेस वर आला, ओट्यावरून खाली उतरला आणि चपलांपर्यंत गेला. उरलेलं सरबत खारट लागत होतं. आबा फक्त म्हणाले, "डबल सेव्हन."

पण त्या दिवशी निघताना आबांनी दुकानातल्या पोराला एक सल्ला दिला होता. कॅरेबियन बेटावरचं संत्रं विकतोस, बार्शीची चिंच विकतोस, मग मोडनिंबचं बोर का नाही? पोरगं हसलं. आम्ही विसरून गेलो. मार्गशीर्षात बोरांच्या पोत्यांनी बाजार भरला तेव्हा चौकातल्या भिंतीवर नवी ओळ दिसली: 'मोडनिंब स्पेशल बोर सोडा'.

दाजी तेव्हा हुरड्याला आले होते. आबांनी मफलर गुंडाळला आणि जावयाला घेऊन थेट दुकान गाठलं. पोरानं मनापासून केलं होतं. बोराचा गर, गूळ, सैंधव, आणि दिसायला छान म्हणून वर तीन गावरान बोरं अख्खी सोडलेली. पहिला ग्लास रिवाजाप्रमाणे दाजींच्या हातात गेला. दाजींनी स्ट्रॉ तोंडात धरला, ओढला, गाल आत गेले, काहीच आलं नाही. ग्लास हलवला. परत ओढला. गावरान बोर ते, स्ट्रॉच्या तोंडाशी जाऊन घट्ट बसलं होतं.

आबांचा चेहरा एकदम उजळला. "हलवू नका, हलवू नका! तिरका धरा. खाचा खाली घ्या!"

"खाचा कुठायत, आबा?" पोरगं म्हणालं. "प्लास्टिकचा ग्लास हाय."

"मग अंगठा घाला, पाव्हणं, आत ढकला," आबा म्हणाले, आणि दाजींनी पुण्याहून आणलेल्या लोकरी स्वेटरची बाही वर सारून अंगठा घातला.